गोदाक्का, तुमचा हेवा

अक्का, तुम्ही गेल्याचा निरोप लोहाऱ्याच्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. मी वसतिगृहाच्या मुलींना वाढत होते. हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं, हात धुतले आणि त्याच परतीच्या गाडीत बसले. गाडीत रडू आलं नाही. म्हटलं, पोचल्यावर येईल. पोचले तेव्हा दुपार कलली होती. तुम्हाला नेऊन झालं होतं. तुमच्या खोलीपुढं नाक्याच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या, वरच्या आळीतल्या आणि मशिदीमागच्या गल्लीतल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून रडत होत्या. मला पाहून सगळ्या सावरून बसल्या. हलीमानं डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाई, चहा टाकू का तुम्हाला?"

खरं सांगते अक्का, त्या वेळी माझ्या मनात जे पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. मला तुमचा हेवा वाटला. तुमच्यासाठी रडता रडता त्या थांबल्या आणि मला चहा विचारला. पाव्हण्या बाईला विचारतात तसा.

आज तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले. हे नऊ दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. आता लिहून काढते. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा तुम्ही असतानाही हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तो धीर मला झाला नसता. तुम्हाला सगळं ठाऊकच आहे, तरी मी पहिल्यापासून सांगते. क्रमानं सांगितल्याशिवाय शेवटचं माझ्या तोंडून निघायचं नाही.

निजामी जाऊन दोन पावसाळे झाले होते. मी तुळजापूरची, वडील कचेरीत कारकून, चुलते देवीचे पुजारी. मॅट्रिक झाले होते, पुण्याला जाऊन प्रथमोपचाराचा आणि बाळंतपणाचा वर्ग केला होता. उस्मानाबादेतल्या मदत समितीनं मला त्या गावी केंद्र चालवायला पाठवलं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथं अजून तीच माणसं राहतात आणि एकाच विहिरीचं पाणी पितात. निजामाच्या वेळचं करोडगिरीचं नाकं वेशीबाहेर रिकामं पडलं होतं. सरहद्दच उरली नाही तर जकात कसली घेणार? तीन खोल्या, पुढं ओटा, मागं पत्र्याची शेड. निजामी गेल्यावरच्या सूडात मशिदीमागच्या गल्लीतली घरं जळाली होती, त्यातल्या विधवा आणि त्यांची पोरं त्या खोल्यांत राहायची. मी गेले तेव्हा भिंतींवर अजून काजळी होती. गावात पोलिसांची राहुटी होती, तीही महिनाभरात उठली. संध्याकाळी वेशीवर बसलेली माणसं आमच्याकडं बघून आपसात बोलायची आणि मी जवळून गेले की गप्प व्हायची.

औषधांची पेटी, शिवणाची दोन यंत्रं आणि कोरी वही एवढं घेऊन मी तिथं उतरले. मला वाटलं होतं, मी दार उघडीन आणि त्या बायका माझ्या गळ्यात पडतील. वय तेवढंच होतं.

पंधरा दिवसांनी तुम्ही आलात. समितीनं स्वयंपाकाला बाई पाठवते म्हणून कळवलं होतं. तुम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या, शेतकरी घरच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. हातात एक गाठोडं, कपाळ मोकळं. मी खुर्चीवर बसून तुमचं नाव वहीत लिहिलं. तुम्ही उभ्याच होता.

"बसा ना," मी म्हटलं.

"बसते. आधी चूल कुठं हाय ते दावा."

तुमच्या धन्याला निजामी जाण्याच्या आदल्या वर्षी हत्यारबंद माणसांनी खळ्यावर मारलं, गंजीला आग लावली, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मला ते हलीमाकडून कळलं. तुम्ही आल्यापासून आठ दिवसांत सगळ्या बायकांना ते ठाऊक झालं होतं. ज्या लोकांनी तुमचा माणूस मारला त्यांच्या जातभाईंच्या बायकापोरांना तुम्ही भाकऱ्या थापत होता आणि त्याचं तुम्हाला काही विशेष वाटत नव्हतं. एकदा मी विचारलं होतं, "अक्का, तुम्हाला राग येत नाही?" तुम्ही तव्यावरची भाकरी उलटलीत. "येतो की. पर ह्यांचा कशाला यील? ह्या का आल्या हुत्या व्हय खळ्यावर?"

मी वहीत ते वाक्य लिहून ठेवलं. माझ्याकडं तसं बोलायला काहीच नव्हतं. आमच्या घराचं एक कौलसुद्धा हललं नव्हतं. अक्का, मला तुमच्या दुःखाचाही हेवा वाटायचा. हे लिहायलाही किती वाईट वाटतं! पण त्या दुःखाच्या जोरावर तुम्ही त्या बायकांत सरळ जाऊन बसलात, आणि मी उंबऱ्यावर राहिले.

त्यात माझाही दोष होता. पहिला महिना मी माझा स्टोव्ह वेगळा पेटवत होते. घरून आईनं बजावलं होतं. तुम्ही पाहिलंत, काही बोलला नाहीत. रोज माझ्यासाठी मात्र एक भाकरी जास्तीची थापायचा आणि झाकून ठेवायचा. एके दिवशी रॉकेल संपलं तेव्हा मी ती खाल्ली. तुम्ही वर चटणी आणून ठेवलीत आणि दुसरीकडं बघत राहिलात. त्या दिवसापासून मी तुमच्यात जेवायला लागले. पण बायकांनी तो महिना मोजून ठेवला होता.

कुणाच्या पायात काटा मोडला तरी माझी पेटी सोडून तुमच्या सुईकडं जायच्या. मी टिंक्चर घेऊन मागं मागं. हलीमाचं बाळंतपण आठवतं? मूल आडवं होतं. मी चार तास घामानं भिजून ते पोर फिरवलं, बाहेर काढलं, रडतं केलं. पुण्याच्या वर्गात शिकवलेलं सगळं पणाला लावलं होतं. नाळही मीच कापली. हलीमानं डोळे उघडले आणि म्हणाली, "अक्कांना बोलवा. आधी त्यांच्या मांडीवर द्या." तुम्ही पिठाचे हात पुसत आलात. ती पोर, मेहरून, तुमच्या मांडीवर गेली आणि गप्प झाली. मी परात उचलून रक्ताचे कपडे धुवायला मागं गेले. तुम्ही बाहेर येऊन म्हणालात, "बाई, तुमी नसत्या तर दोघी गेल्या असत्या." मी कपडे पिळत राहिले. तुमच्याकडून ते ऐकायचं नव्हतं मला, त्यांच्याकडून ऐकायचं होतं.

त्या तुमच्याशी बोलायच्या. दुपारी शिवणाचा वर्ग संपला की मागच्या शेडमध्ये जायच्या. तुम्ही सुपात ज्वारी घेऊन निवडत असायचा, त्या भोवती बसायच्या, आणि कुजबूज चालायची, कधी हुंदके. मी पाणी प्यायला म्हणून गेले की सगळ्या यंत्रासारख्या थांबायच्या. वर समितीला दर महिन्याला अहवाल जायचा. त्यात मी काय लिहिणार? इतक्या चोळ्या शिवल्या, इतक्यांना खोकल्याचं औषध दिलं. समितीचे लोक विचारायचे, काय घडलं इथं, कुणी केलं, काही कळतं का? मला काही कळत नव्हतं. तुम्हाला सगळं कळत होतं आणि तुम्ही गप्प होता.

आपलं भांडण त्यावरूनच व्हायचं. "अक्का, तुम्ही मला सांगा, मी लिहिते. लिहिल्याशिवाय न्याय कसा मिळणार यांना?"

"त्यांनी मला लिवायला न्हाय सांगितलं बाई. ऐकायला सांगितलं."

"ऐकून काय होतं?"

"काय न्हाय हुत," तुम्ही म्हणायचा. "पर त्यांना झोप लागती."

हे भांडण अजून मिटलेलं नाही, अक्का. मला अजूनही वाटतं की ज्यांनी केलं त्यांची नावं कागदावर यायला हवी होती. सगळ्यांनी नुसतं ऐकून घेतलं असतं तर ती माणसं सुखानं मेली असती. तशी ती सुखानं मरतही आहेत. पण मी पुढं जे केलं ते न्यायासाठी केलं असं मी आज म्हणणार नाही.

शेडला लागून कोठीची खोली होती. मधे नुसता पत्रा. एका दुपारी मी ज्वारी मोजायला आत गेले होते आणि पलीकडं रहमतबीचा आवाज आला. रहमतबी, तीस-बत्तीसची, एक मुलगी घेऊन राहणारी, केंद्रात सगळ्यांत कमी बोलणारी. मी पायली हातात धरून तशीच उभी राहिले. ती सांगत होती की तिचा नवरा कडब्याच्या गंजीत लपला होता, आणि तो तिथं आहे हे बोट दाखवून सांगणारा माणूस त्यांच्याच शेजारच्या शेताचा. तिच्या घरी ईदला शीरखुर्मा खायला यायचा. आता तिचं शेतही तोच नांगरत होता. तिनं त्याचं नाव घेतलं. मग म्हणाली, "कुणाला बोलू नका अक्का. मला ह्याच गावात ऱ्हायाचंय. पोरीचं लगीन व्हायाचंय."

"न्हाय बोलत," तुम्ही म्हणालात.

मी दबकत बाहेर आले. आणि मला, काय सांगू, आनंद झाला होता. इतक्या दिवसांनी मलाही काहीतरी कळलं होतं. तुमच्या बरोबरीनं.

मी ते अहवालात लिहिलं. नावासकट. अहवाल वर गेला, वरून कुठं कुठं फिरला मला माहीत नाही. समितीच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला पत्र पाठवलं, फार मोलाचं काम केलंस म्हणून. ते पत्र मी दोन दिवस पोलक्यात ठेवून हिंडत होते.

आठवड्याभरात जीप आली. त्या माणसाला तालुक्याला नेलं. रहमतबीला अधिकाऱ्यापुढं उभं केलं. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "मला काय ठावं न्हाय साहेब." चौथ्या दिवशी तो माणूस परत आला. कुणीतरी त्याला कागदात काय आहे ते सांगितलं होतं.

तो बाजारचा दिवस होता. उन्हं डोक्यावर आली होती. वेशीकडून माणसं येताना दिसली, तीस-चाळीस तरी असतील, काहींच्या हातात काठ्या. मी बायकापोरांना आत घेतलं आणि आतून कडी घातली. तुम्ही ओट्यावर ज्वारी निवडत बसला होता. मी खिडकीतून ओरडले, "अक्का, आत या!"

"येते, एवढं सूप हुंद्या," तुम्ही म्हणालात, आणि उठला नाहीत.

मी खिडकीच्या फटीतून सगळं पाहिलं. माणसं ओट्यापुढं थांबली. कुणीतरी ओरडला, "ती रहमत कुठाय? भाईर काढा तिला!"

"ती जेवायलीय," तुम्ही म्हणालात. मान वर केली नाहीत.

"अक्का, तुमच्या धन्याला कुणी मारलं इसरलात व्हय?"

"न्हाय इसरले. म्हून तर हितं बसले."

मागून एक धोंडा आला. तो तुमच्या हातातल्या सुपावर बसला. सूप उडालं आणि ज्वारी सगळ्या पायऱ्यांवर, अंगणभर पसरली. तुमच्या मनगटातून रक्त आलं. पुढचा एकजण पायरी चढायला पाय उचलत होता. तुम्ही त्याच्या पायाकडं बघून, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणालात, "बघून पाय टाक बाबा. धान्य हाय."

त्यानं पाय मागं घेतला. ती सगळी शेतकरी माणसं होती. खाली ज्वारी सांडलेली आणि तिच्यावर पाय द्यायला कुणी धजेना. तुम्ही खाली उतरून दाणे वेचायला लागलात. एक म्हातारा पुढं आला, तोही तुमच्याबरोबर खाली बसला आणि वेचू लागला. मागची माणसं थोडा वेळ शिव्या देत उभी राहिली, मग एकेक करून पांगली.

मी कडी काढली नाही, अक्का. मला काढता आली असती. सगळी माणसं जाईपर्यंत माझा हात कडीवर होता.

दोन दिवसांनी रहमतबी सोलापूरला भावाकडं निघाली. गावात आता तिला राहता येणार नव्हतं. बैलगाडी उभी होती, मुलगी आधीच वर चढली होती. तुम्ही दशम्या बांधून दिल्या, तिनं त्या घेतल्या नाहीत. सगळ्या बायकांसमोर ती तुम्हाला म्हणाली, "तुमच्याबिगर कुणाला ठावं नव्हतं. तुमचा माणूस गेला म्हणून मी तुमच्यावर इमान ठेवलं अक्का. अल्ला बघतोय."

मी तिथंच उभी होते. हातात वही होती, केंद्र सोडून जाणाऱ्याचं नाव लिहायची. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. तिच्याकडंच बघत होता. तोंडातून शब्द काढला नाहीत. गाडी गेली. बायका आत निघून गेल्या.

संध्याकाळी चुलीपुढं तुम्ही विचारलंत, "बाई, तुमी लिवलं व्हय?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि लाकूड आत सारलंत.

त्या "बरं"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. तुम्हाला खरं वाटलं का? की तुम्हाला सगळं कळलं आणि तुम्ही मला तसंच सोडून दिलंत? पुन्हा कधी तुम्ही विचारलं नाहीत. विचारायला हवं होतंत, अक्का. एकदा तरी ओरडायला हवं होतंत माझ्यावर. बाकी सगळ्यांना तुम्ही "काय गं सटवे" म्हणून ओरडायचा. मला कधी नाही. मला आपलं "बाई, बाई."

त्यानंतर चार-पाच महिने त्या बायका तुमच्याशी बोलल्या नाहीत. शेड दुपारची ओस पडायची. तुम्ही एकट्याच सूप घेऊन बसायचा, मनगटाला फडकं बांधलेलं. आणि बायका माझ्याकडं यायला लागल्या. काटा, ठेच, पोराचं पोट. त्यांचं माझ्यावर प्रेम जडलं नव्हतं, दुसरीकडं जायला जागा राहिली नव्हती इतकंच. पण मी सुखात होते. हे मी कुणालाही कधीही सांगितलेलं नाही. तुम्ही मागं एकट्या बसलेल्या दिसायचा आणि मी पुढं कुणाच्या तरी पोराला औषध पाजताना सुखात असायचे.

मग एके दिवशी हलीमा शेडमध्ये गेली आणि रांगणारी मेहरून तुमच्यापुढं सोडून आली. त्यानंतर दुसरी गेली, मग तिसरी. तुम्ही काही केलं नव्हतंत, काही सांगितलं नव्हतंत, शपथ घेतली नव्हतीत. हलीमा मला म्हणाली, "अक्काच्या हातनं चूक झाली आसंल बाई. माणूसच हाय. आमी सोडून दिलं."

माझ्या चुकीची माफीसुद्धा तुम्हालाच मिळाली, अक्का. मी कुठं जाऊन मागणार होते?

एकदाच मी सांगायला आले होते. आठवतंय? समितीची सभा करून आपण दोघी उस्मानाबादेहून येडशीला उतरलो होतो, तुम्हाला रामलिंगाचं दर्शन घ्यायचं होतं. श्रावणातला सोमवार संपून गर्दी ओसरली होती. खाली दरीत ओढा भरून वाहत होता, सगळं हिरवंगार. तुम्ही पाण्यात पाय सोडून बसला होता आणि लुगडं भिजलं तरी उठत नव्हता. माझ्यासाठी असा दिवस पहिल्यांदाच आला होता. तुमच्याभोवती दुसरं कुणी नव्हतं, तुम्ही फक्त माझ्या होता. तुम्ही मला तुमच्या माहेरच्या म्हशीची गोष्ट सांगितलीत, जी फक्त तुमच्या आईला दूध द्यायची आणि दुसरं कुणी बसलं की लाथ मारायची. तुम्ही आईचं लुगडं नेसून धार काढायला गेलात आणि तरी लाथ बसली. आपण दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग मी म्हटलं, "अक्का, ते रहमतबीचं..."

तेवढ्यात वानरानं झेप घातली आणि आपली फराळाची पिशवी पळवली. तुम्ही ओल्या लुगड्यानं त्याच्यामागं धावलात, "आरं मुडद्या, आमी काय खावं!" आणि मी पुन्हा हसायला लागले. परत येऊन बसल्यावर तुम्ही म्हणालात, "काय म्हणत हुता बाई?" मी म्हटलं, "काही नाही." तुम्ही थोडा वेळ माझ्याकडं बघत होता. मग म्हणालात, "पाणी प्या. गार हाय."

त्या दिवसाबद्दल तुमचे उपकार. मला आयुष्यात तसा दुसरा दिवस मिळाला नाही.

पुढं केंद्र बंद झालं. काही बायका आपापल्या घरी गेल्या, गल्लीत पुन्हा छपरं चढली. मी शहरात मुलींच्या वसतिगृहावर आले. तुम्ही तिथंच राहिलात, नाक्याच्या एका खोलीत. मला सभांना बोलावू लागले, हार घालू लागले. त्या बाजारच्या दिवसाची गोष्ट लोकांना फार आवडायची. मी ती नेहमी सांगायचे. सांगताना म्हणायचे, "आम्ही दारात बसलो होतो." पहिल्यांदा ते "आम्ही" जिभेला अडखळलं. मग सवय झाली. एकदा एका सभेला तुम्ही स्वतः आला होता, मागच्या रांगेत बसला होता. माझं बोलणं झाल्यावर तुम्ही इतर बायकांबरोबर टाळ्या वाजवल्यात. घरी जाताना म्हणालात, "लई झ्याक बोलता बाई तुमी." मला तुमचा इतका राग आला होता त्या दिवशी!

आता तिसऱ्या दिवसाचं सांगते. तुम्हाला एवढंच ठाऊक नाही.

राख सावडून माणसं परत आली होती. मी ओट्यावर बसले होते. सकाळच्या एसटीनं एक बाई उतरून चालत आली, केस पिकलेले, हातात बोचकं. मी ओळखलं नाही. हलीमानं ओळखलं आणि धावत जाऊन मिठी मारली. रहमतबी होती. हलीमानंच सोलापूरला निरोप धाडला होता. मुलीचं लग्न झालं, नातू झाले, सगळं सांगत ती ओट्यापर्यंत आली आणि तुमच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबली. आत तुमची घडी घातलेली दोन लुगडी होती, पाण्याचा तांब्या होता.

"इतकी वर्षं शिव्या दिल्या ह्या बाईला," ती आम्हा दोघींना म्हणाली. "नमाजानंतरबी दिल्या. मेली म्हटल्यावर वाटलं, मेल्या माणसाशी वैर कशाला. माफ करून यावं म्हणून आले." मग उंबऱ्याशी बसली, हात पसरले आणि म्हणाली, "अक्का, माफ किया."

अक्का, मी आजवर सगळं सहन केलं होतं. तुम्हाला मिळालेली माया, तुमच्यासाठी रडणाऱ्या बायका. पण तुम्ही तिथं आत नव्हता, आणि तरी तुम्हाला पुन्हा एकदा माझ्या चुकीची माफी मिळत होती, हे मला सोसेना. मी उठले, तिच्यासमोर जाऊन बसले.

"त्यांना माफ करू नका," मी म्हटलं. "त्यांनी केलंच नव्हतं. पत्र्याआडून मी ऐकलं. मी लिहिलं."

तिला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, जरा हळू. हलीमा पाणी आणायला आत गेली होती, तिनं ऐकलं नाही. रहमतबीनं माझ्याकडं नीट बघितलं, डोळे बारीक करून, जणू मला पहिल्यांदाच पाहत होती. मला वाटलं ती हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं.

"अक्काला ठावं हुतं?"

"माहीत नाही. त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

तिनं आतल्या घडी घातलेल्या लुगड्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, "गाडी निघाली तवा ती हितंच उभी हुती. मी तिच्या हातची दशमीबी घेतली न्हाय." तिनं उंबऱ्यावर तळवा टेकला. "ती जित्ती असताना सांगितलं आसतं तर मी येऊन तिच्या पाया पडले असते की बाई. आता कुणाच्या पडू?"

ती उंबऱ्यावर डोकं टेकून रडली, मोठ्यानं, तुमचं नाव घेऊन. हलीमा पळत आली, तिला वाटलं माफ केल्याचं रडू आहे. मी तिला काही बोलले नाही. रहमतबीही बोलली नाही.

दुपारच्या गाडीनं ती परत निघाली. मी तिच्याबरोबर फाट्यापर्यंत चालत गेले. बोचकं उचलायला हात पुढं केला, तर तिनं ते दुसऱ्या खांद्यावर घेतलं. फाट्यावर ती बाभळीच्या सावलीला उभी राहिली आणि मी उन्हात. गाडी आल्यावर पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली, "अक्काचा चाळिसावा दिवस मी हितं करणारय. हलीमाच्या घरी. गल्लीतल्या समद्या येतील, वरच्या आळीतल्याबी." मग बोचकं आत ठेवलं. "म्या काय सांगणार न्हाय त्यांना. तुमचं तुमी सांगायचं. आला तर आला."

मी जाणार आहे, अक्का. सगळ्यांसमोर उभी राहून सांगणार आहे. पत्र्याचं सांगेन, वहीचं सांगेन, कडीवरच्या हाताचंही. आणि मला आत्ताच दिसतंय पुढं काय होणार ते. त्या तुमच्यासाठी पुन्हा नव्यानं रडतील. इतकी वर्षं तुम्ही मुकाट्यानं काय सोसलंत ते कळल्यावर तुम्ही त्यांच्या मनात आजच्यापेक्षाही मोठ्या व्हाल. मला मात्र चहादेखील कुणी विचारणार नाही. हे सगळं दिसत असताना, तुमच्याशी नऊ दिवस भांडून झाल्यावरही, पोटात तीच जुनी आग पेटते आहे. ती विझायची वाट मी आता बघत नाही. ती घेऊनच येते.